बद्रीनाथवरून अमेरिकेला

राजूर हे गाव अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोला मुंबईपेक्षा जवळ आहे. मुंबईच्या विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ साधारण १३,५१० किलोमीटर. जालना जिल्ह्यातलं, भोकरदन तालुक्यातलं राजूर तिथून साधारण १३,३२५ किलोमीटर. म्हणजे मुंबईत पाऊल न ठेवताच राजूरचा माणूस मुंबईकरापेक्षा १८५ किलोमीटर पुढे आहे. न्यूयॉर्कचा हिशेब मात्र उलटा येतो: मुंबईहून सुमारे १२,५३०, राजूरहून सुमारे १२,५७०. अमेरिकेच्या एका टोकाला राजूर जवळ, दुसऱ्या टोकाला मुंबई जवळ.

ही अंतरं मी पुन्हा पुन्हा मांडून पाहिली, कारण मन मानायला तयार होत नाही. राजूर मुंबईच्या पूर्वेला आहे आणि अमेरिका तर पश्चिमेला, मग पूर्वेकडचं गाव जवळ कसं? या एका प्रश्नाचा पाठपुरावा करत गेलं की पृथ्वीचा आकार, पाटणादेवीच्या डोंगरातलं गणित, तिबेटचं पठार, दहा किलोमीटर उंचीवरचे वारे आणि देशादेशांची भांडणं अशी सगळी मंडळी एकामागून एक भेटत जातात.

सॅन फ्रान्सिस्को निवडण्याचं कारण उघड आहे. सिलिकॉन व्हॅलीत जाणाऱ्या मराठी माणसाचं विमान बहुधा तिथेच उतरतं. त्या भागात मराठी वस्ती एवढी की २०२४ च्या जूनअखेरीस बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन शेजारच्या सॅन होजेत भरलं. एअर इंडियानं डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान सुरू केलं, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी आईवडिलांच्या तोंडी ‘सोळा तास’ हा आकडा बसला.

आता दिशा पाहू. राजूरच्या गणपतीच्या, म्हणजे राजुरेश्वराच्या, देवळासमोर उभं राहून सॅन फ्रान्सिस्को कुठे ते दाखवायचं, तर बोट पश्चिमेकडे न्यायचं नाही. बोट उत्तरेकडे धरायचं आणि किंचित पूर्वेला सरकवायचं, साधारण साडेसोळा अंश. जमिनीवरून सगळ्यात जवळची वाट त्याच बाजूने निघते. ती रेघ गणिताने पुढे नेली की काय काय लागतं पाहा. आधी बुऱ्हाणपूर, जवळजवळ शहरावरूनच. मग भोपाळ उजव्या हाताला ठेवून ती ग्वाल्हेरच्या शेजारून जाते आणि आग्र्याच्या पूर्वेला थोड्या अंतरावरून पुढे सरकते. मराठ्यांच्या फौजा उत्तरेकडे जाताना ज्या मुलखातून गेल्या तोच हा मुलूख. त्यानंतर गढवालचे डोंगर, आणि तिथे ती बद्रीनाथच्या परिसरावरून जाते. राजूरच्या गणपतीपासून अमेरिकेकडे काढलेली सरळ रेघ बद्रीनाथला स्पर्श करून जाते, हे पहिल्यांदा कागदावर उमटलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

पुढे तिबेट. मग शिनजियांगचं वाळवंट, उरुमची उजवीकडे. अल्ताई पर्वत. सैबेरियात क्रास्नोयार्स्कच्या आसपासचा प्रदेश, त्यापुढे याकुतियाची गोठलेली जमीन. मग आर्क्टिक महासागर, जिथे ही रेघ ७४ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर चढते. आर्क्टिक वृत्त साडेसहासष्ट अंशांवर असतं, हे लक्षात घेतलं म्हणजे ही चढण किती आहे ते कळतं. तिथून ती खाली वळते, अलास्कात फेअरबँक्सजवळून, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून उतरत सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचते, तेही वायव्येकडून. संपूर्ण वाटेत युरोप नाही, अटलांटिक महासागर नाही, आखाती देश नाहीत.

भिंतीवरच्या नकाशावर ही रेघ काढली तर ती भलामोठा वळसा घेतल्यासारखी दिसते. दोष रेघेचा नाही, भिंतीचा आहे. जालन्याच्या मोसंबीची साल काढून पाटावर सपाट करायला गेलं की ती कुठेतरी फाटते किंवा ताणावी लागते. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना हेच होतं. गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये जो नकाशा केला त्यात ध्रुवांकडचा प्रदेश ताणून मोठा केला. जहाजाच्या कप्तानाला एकच दिशा धरून जाता यावं म्हणून ती सोय होती, आणि त्या कामासाठी तो नकाशा उत्तम आहे. पण त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला असं एकच दिशा धरून निघालं, नकाशावरची ‘सरळ’ वाट पकडली, तर सुमारे १६,१०० किलोमीटर पडतात. खऱ्या जवळच्या वाटेपेक्षा अडीच हजारांहून जास्त.

शाळेतला पृथ्वीगोल मिळाला तर हे हाताने करून पाहता येतं. एक टाचणी जालन्यावर, एक सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि मध्ये दोरा ताणायचा. दोरा आपणहून उत्तरेकडे सरकतो आणि आर्क्टिकवर जाऊन स्थिरावतो. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ताण दिला की तो सगळ्यात आखूड वाट शोधतो. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने तिचा पृष्ठभाग कापला तर जे वर्तुळ मिळतं त्याचाच हा तुकडा असतो. वैमानिक आणि खलाशी त्याला बृहद्वृत्त म्हणतात.

दोऱ्याशिवाय, नुसत्या आकड्यांनी हे अंतर काढायचं तर दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश पुरतात. बाकी काम ज्या (साइन) आणि कोज्या (कोसाइन) करतात. इंग्रज खलाशी यासाठी जे सूत्र वापरत त्यात उत्क्रमज्येचा (एक वजा कोज्या) अर्धा भाग असे, आणि सूर्यसिद्धान्त या जुन्या संस्कृत ग्रंथात ज्या-कोष्टकाबरोबर उत्क्रमज्यांचंही कोष्टक आहे. आज मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकली की क्षणात अंतर येतं, तेव्हा आत हेच चाललेलं असतं.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण हे गणित राजूरपासून फार दूर घडलेलं नाही. चाळीसगावजवळ पाटण इथे, पाटणादेवीच्या डोंगरात, एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी शके ११२८ मध्ये, म्हणजे १२०७ च्या सुमारास, तिथे मठ काढला आणि त्याला दान मिळालं, असं त्यात कोरलेलं आहे. राजूरपासून ही जागा सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ ११५० मध्ये पूर्ण केला. त्याच्या गोलाध्यायात त्यांनी एक शंका घेतली आहे: पृथ्वी गोल आहे तर ती सपाट का दिसते? त्यांचं उत्तर असं की वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सपाटच भासतो, आणि माणूस तर पृथ्वीच्या मानाने फारच लहान. त्याच अध्यायात पृथ्वीचा परीघ मोजायची रीतही आहे. एकाच उत्तर-दक्षिण रेषेवरची दोन नगरं घ्या, त्यांच्या अक्षांशांतला फरक काढा, त्यांच्यातलं अंतर मोजा; एवढ्या अंशांना एवढी योजनं, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडलं की झालं. ४,९६७ योजनं असा परीघ त्यांनी दिला आहे.

या त्रैराशिकाचं आजचं रूप सागरी मैलात राहिलं आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग साधारण एक सागरी मैल होतो, १,८५२ मीटर. वैमानिक आजही अंतर याच मापात मोजतात, त्यामुळे त्यांच्या तक्त्यातलं प्रत्येक अंतर पृथ्वीच्या गोलाईचाच एक तुकडा असतो.

आणि राजूरसाठी खास गोष्ट पुढेच आहे. आपल्या ज्योतिषांनी रेखांश मोजायची सुरुवात उज्जैनपासून केली. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांना जोडणारी रेघ ही त्यांची मध्यरेषा. तिच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला किती गेलो त्यावरून वेळेत किती फरक करायचा, त्याला देशांतर-संस्कार म्हणत. उज्जैनचा रेखांश पंचाहत्तर अंश आणि पाऊण, जालना-भोकरदन पट्ट्याचाही जवळजवळ तोच. राजूर त्या मध्यरेषेपासून थोड्याच किलोमीटरवर आहे. ग्रिनिचचं नाव कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा भारताचं शून्य रेखावृत्त राजूरच्या शिवाराजवळून उत्तरेला उज्जैनकडे जात होतं. साडेतीन गणेशपीठांपैकी एक पूर्ण पीठ म्हणून आपण राजूरला ओळखतो. भूगोलानेही या गावाला एक मान दिला आहे आणि तो सांगितला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता त्या बद्रीनाथवरून जाणाऱ्या रेघेकडे परत येऊ. जवळची वाट ती, तर विमानं तिच्यावरून का जात नाहीत?

पहिला अडथळा तिबेट. विमान अकरा-बारा किलोमीटर उंचीवर असतं आणि आतल्या हवेचा दाब यंत्राने राखलेला असतो. तो दाब एकाएकी गेला तर वरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतात, पण प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू साधारण बारा ते वीस मिनिटं पुरतो. तेवढ्या वेळात वैमानिकाने विमान सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली आणायचं असतं, जिथे माणसाला श्वास घेता येतो. तिबेटमध्ये खाली यायला तीन किलोमीटरची उंचीच नाही. जमीनच सरासरी साडेचार किलोमीटरच्या वर आहे. काही मार्गांवर जास्त प्राणवायू घेतलेली विमानं जातात, पण बहुतेक विमानं हिमालय आणि तिबेट टाळून बाजूने निघतात. बद्रीनाथचा यात्रेकरू ज्या विरळ हवेत धापा टाकतो, त्याच हवेमुळे विमानाची वाट वाकते.

दुसरी गोष्ट उत्तरेची थंडी. विमानाच्या टाक्या पंखांत असतात आणि बाहेरची हवा उणे साठ अंशांपर्यंत जाऊ शकते. जेट ए-१ हे इंधन उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागतं. त्यामुळे ध्रुवाकडून जाताना वैमानिक इंधनाच्या तापमानावर सतत नजर ठेवतो. ते फार उतरलं तर विमान खालच्या, जरा उबदार थरात आणावं लागतं किंवा वेग वाढवावा लागतो. होकायंत्रही तिथे निरुपयोगी होतं, कारण चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांचा मेळ बसत नाही. ९ जानेवारी २०२१ ला सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला निघालेलं एअर इंडियाचं विमान उत्तर ध्रुवाकडून आलं. सुमारे १४,००० किलोमीटर, सतरा तासांच्या आसपास, आणि कॉकपिटमध्ये चारही महिला: झोया अगरवाल, पापागारी तन्मई, आकांक्षा सोनवरे, शिवानी मन्हास.

तिसरी गोष्ट, इतक्या दूरच्या निर्जन वाटेवर काही बिघडलं तर उतरायचं कुठे? ६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानाच्या इंजिनात दोष दिसला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेला मगादान इथे उतरवलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी होते. त्यांना पुढे न्यायला दुसरं विमान मुंबईहून गेलं. ज्या गावाचं नाव त्या प्रवाशांपैकी बहुतेकांनी आयुष्यात ऐकलं नसेल, ते त्या दिवशी त्यांच्या वाटेवर होतं, कारण पृथ्वी गोल आहे.

एवढं सगळं सांभाळून वाट ठरली तरी वेळ ठरत नाही. वेळ ठरवतो तो वारा.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची वाट बदलली. आधी ते अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून जात असे. आता ते पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेलं. नवी वाट १५,३०० किलोमीटरची, जुनीपेक्षा सुमारे १,४०० किलोमीटर जास्त. तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, जुन्या वाटेपेक्षा लवकर. भागाकार करून पाहा: ताशी १,०५० किलोमीटरच्या वर सरासरी. असं मोठं प्रवासी विमान स्वतःच्या बळावर हवेत ताशी ९०० च्या आसपास जातं. वरचे दीडशे किलोमीटर त्याला फुकट मिळाले.

ते देणारा वारा दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. विषुववृत्ताकडची हवा तापते, ध्रुवाकडची थंड असते. या फरकामुळे वर हवा उत्तरेकडे सरकू लागते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते. हिवाळ्यात हा फरक वाढतो आणि वारा चढतो; ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटर काही नवल नाही. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात त्सुकुबाजवळच्या वेधशाळेतून फुगे सोडून हा वारा मोजला. जगाला कळावं म्हणून त्यांनी आपला अहवाल १९२६ मध्ये एस्परांतो भाषेत छापला, आणि बहुधा त्यामुळेच तो फारसा कुणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना तोच वारा समोरून लागला तेव्हा जगाला त्याची खरी ओळख झाली.

मराठवाड्याला हा वारा वेगळ्या रूपात माहीत आहे. हिवाळ्याच्या शेवटी त्याची एखादी लाट नेहमीपेक्षा दक्षिणेला झुकली आणि तिला बंगालच्या उपसागराकडून आलेली ओल भेटली की गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट आठवत असेल; उभी पिकं आणि फळबागा झोपल्या. भोकरदनच्या शेतकऱ्याचा गहू झोडपणारी आणि त्याच्या मुलाचं अमेरिकेचं विमान पुढे ढकलणारी हवा एकाच कुटुंबातली आहे.

वाऱ्याचा एक हिशेब मला फार आवडतो. अंतर १३,५०० किलोमीटर, विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० धरू. वारा नसेल तर जायला पंधरा तास, यायला पंधरा, एकूण तीस. आता वारा पूर्ण वाटेवर सरासरी ताशी ६० धरा. पाठीमागून असेल तर वेग ९६०, वेळ १४ तास ४ मिनिटं. समोरून असेल तर वेग ८४०, वेळ १६ तास ४ मिनिटं. बेरीज ३० तास ८ मिनिटं. जाताना जे मिळालं त्यातून येताना गेलेलं पुरतं भरून निघत नाही. आठ मिनिटं वर जातात, कारण समोरचा वारा जास्त वेळ सोसावा लागतो. वारा किती का असेना, एकाच वाटेने जाण्यायेण्याच्या बेरजेत तो नेहमी काहीतरी घेतोच.

वाऱ्यावर वेळ ठरणं ही गोष्ट या परिसराला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. राजूरच्या उत्तरेचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. पैठण आणि उज्जैन यांना जोडणाऱ्या व्यापारी वाटेवरचं हे नगर; साँचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे लोक होते, तसे शिलालेखच आहेत. भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे अवशेष मिळाले आणि त्यांचं साम्य थेट इटलीतल्या पॉम्पेई शहरात सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी अभ्यासकांनी दाखवलं. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधी तिथे पोहोचली होती. भोकरदन ते पॉम्पेई हवाई अंतर सुमारे ६,१६० किलोमीटर, आजच्या विमानाला सात तासांचं. तेव्हा मात्र जहाज मोसमी वाऱ्याची वाट पाहत असे. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या ओसेलिसहून केरळच्या किनाऱ्यावरच्या मुझिरिसला यायला अनुकूल वाऱ्यात चाळीस दिवस लागतात असं रोमन लेखक प्लिनीने नोंदवलं आहे. परतायचं तर हिवाळ्यातल्या उलट्या वाऱ्याची वाट पाहायची. समुद्राचे दिवस थोडे, वाऱ्यासाठी थांबण्याचे जास्त.

आजच्या विमानाच्या वेळेबाबत मात्र वाऱ्यावरही मात करणारं एक कारण माणसाने स्वतः तयार केलं आहे. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, रशियाने अनेक देशांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि अमेरिकेच्या एका कंपनीला नेवार्क–मुंबई विमान थांबवावं लागलं. भारतीय विमानांना रशियावरून जाता येतं म्हणून एअर इंडियाची वाट मोकळी राहिली. मग २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटा लांबल्या. उत्तर अमेरिकेची काही विमानं इंधनासाठी युरोपात थांबू लागली, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्को–मुंबई विमान कोलकात्याला थांबून येत होतं. दोन विमानतळांमधलं अंतर एका सेंटीमीटरने बदललं नव्हतं. बदलले ते तास, आणि इंधन. इतक्या लांबच्या उड्डाणाला शंभर टनांहून जास्त इंधन लागतं, आणि त्यातलं बरंचसं उरलेलं इंधन वाहून नेण्यातच जळतं. म्हणून वाट थोडी लांबली तरी मधेच थांबावं लागतं.

राजूरच्या माणसाचा सगळ्यात मोठा वेळ मात्र जमिनीवर जातो. राजूर ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे ३३० किलोमीटर, म्हणजे पुढच्या प्रवासाचा चाळिसावा हिस्सा. विमानाच्या वेगाने ते बावीस मिनिटांचं काम. प्रत्यक्षात आधी पंचवीसेक किलोमीटर जालना गाठायचं; ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झालेली वंदे भारत तिथून मुंबईला सातेक तास घेते; मग स्थानकापासून विमानतळ; मग उड्डाणाच्या तीन तास आधी हजेरी. बारा तास सहज होतात. त्यात सॅन फ्रान्सिस्कोपासून दूर, पश्चिम-नैर्ऋत्येला, जायचं ते वेगळंच. पृथ्वीच्या एक-तृतीयांश परिघाला सोळा तास आणि महाराष्ट्राच्या एका तुकड्याला बारा. लांबच्या प्रवासाचा वेळ कमी करायचा असेल तर आकाशापेक्षा जमिनीवर जास्त वाव आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

विमान कंपनीच्या वेळापत्रकातले तासही उड्डाणाचे नसतात. चाकांखालचे ठोकळे काढून विमान मागे ढकललं त्या क्षणापासून पलीकडे ठोकळे पुन्हा लागेपर्यंतचा तो वेळ. धावपट्टीकडे सरकणं, रांगेत थांबणं हे सगळं त्यात येतं. म्हणून कधी कधी उशिरा निघालेलं विमान वेळेवर पोहोचतं आणि प्रवासी चकित होतात.

जून १९४८ शी आजचा प्रवास ताडून पाहा. ८ जूनला ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडिया इंटरनॅशनलचं विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबलं आणि १० जूनला पोहोचलं. अंतर ७,२०० किलोमीटर. आज त्याहून जवळजवळ दुप्पट अंतर न थांबता एका झोपेत आणि दोन जेवणांत कापलं जातं.

घड्याळाची गोष्ट शेवटी ठेवली, कारण ती डोकं सगळ्यात जास्त फिरवते. सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे, उन्हाळ्यात साडेबारा. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी चारला निघालं आणि सोळा तास लागले तर उतरताना तिथे त्याच तारखेचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. मनगटावर अडीच तास, शरीरावर सोळा. परतताना तिथून रात्री नऊला निघून सतरा तासांनी उतरलं तर मुंबईत पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात, आणि तारीख दोनने पुढे गेलेली. तसं पाहिलं तर आपलं घड्याळही राजूरचं नाही. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची. राजूरला सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून सत्तावीस मिनिटं झालेली असतात.

राजूरच्या भाविकाला घड्याळाचं हे अंतर एका ठिकाणी थेट भेटतं: चतुर्थीला. तिथी ठरते चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनावरून, त्यामुळे ती साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. चंद्रोदय मात्र प्रत्येक गावाचा आपापला. संकष्टी कोणत्या दिवशी, हे चंद्रोदयाला चतुर्थी आहे की नाही यावर ठरतं. समजा हिवाळ्यात मंगळवारी सकाळी आठला चतुर्थी लागली आणि बुधवारी सकाळपर्यंत राहिली. राजूरला मंगळवारी रात्री चंद्र उगवेल तेव्हा चतुर्थी आहे, म्हणून अंगारकी, आणि देवळाकडे पायी निघालेल्या लोकांनी रस्ते भरलेले. सॅन फ्रान्सिस्कोत सोमवारी रात्री नऊच्या सुमाराला चंद्र उगवतो तेव्हा राजूरला मंगळवारची सकाळ, साडेदहा वाजलेले. चतुर्थी लागून अडीच तास झालेत. तिथली संकष्टी त्या सोमवारीच. म्हणजे मंगळवारी राजूरला अंगारकी असते, आणि त्याच चतुर्थीचा उपास राजूरच्या मुलाने अमेरिकेत एक दिवस आधी, साध्या संकष्टीचा म्हणून धरायचा असतो.